सुटी मिळते, जुळत नाही

रजेचा अर्ज बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. नाव, हुद्दा, रजेचा प्रकार, कधीपासून कधीपर्यंत, कारण, रजेच्या काळात संपर्कासाठी फोन नंबर आणि मागे काम कोण बघणार त्याचं नाव. पूर्वी तो कागदावर असायचा, आता स्क्रीनवर असतो, पण रकाने तेच. मी वर्षानुवर्षं हा अर्ज भरत आलो आहे. गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा लक्षात आलं, की रजा कोणासोबत घालवायची आहे हे त्यात कुठेच विचारलेलं नसतं.

लक्षात यायला कारण घडलं. माझ्या नावावर 22 रजा शिल्लक होत्या, बायकोच्या नावावर 17. मुलीच्या शाळेला पाच आठवड्यांची सुटी होती. आकडे पाहिले तर चिंतेचं काही कारणच नव्हतं. प्रत्यक्षात माझी रजा मंजूर झाली ती महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली आणि तिची तिसऱ्या. तिच्या विभागातल्या दोघी आधीच रजेवर जाणार होत्या, म्हणून तिला "आत्ता नको, पुढे बघू" असं सांगण्यात आलं. माझ्याकडे पुढे सरकायला जागा नव्हती. शेवटी एक आठवडा मी आणि मुलगी, एक आठवडा ती आणि मुलगी, असा आम्ही उन्हाळा वाटून घेतला. त्या सुटीचे फोनमध्ये दोनशेच्या वर फोटो आहेत. तिघं एकत्र असलेला फोटो एकच आहे. मधल्या रविवारी घराच्या दारात काढलेला. घरात मोठी बॅग एकच, त्यामुळे माझे कपडे बाहेर काढून तिचे आत भरले होते आणि चेन लागत नव्हती म्हणून मुलगी बॅगेवर बसली होती. त्या फोटोत आम्ही तिघंही हसतो आहोत, पण मला तो बघवत नाही.

दोघांनाही विश्रांती मिळाली नाही असं नाही. झोप झाली, वाचन झालं, मुलगी पोहायला शिकली. पण ती पहिल्यांदा हात-पाय मारत काठापर्यंत गेली तेव्हा तिची आई ऑफिसात होती, आणि आईबरोबरच्या आठवड्यात तिनं पाण्यात काय काय केलं ते मी फक्त ऐकलं. एकाच घरातल्या माणसांनी एकमेकांना सुटीचा वृत्तांत सांगावा, याला सुटी म्हणायचं का, हा प्रश्न तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही.

आपण सुटीबद्दल बोलतो ते नेहमी दिवसांच्या हिशेबात. वर्षाला किती रजा, किती साठवता येतात, किती बुडतात, किती विकता येतात. हा हिशेब आवश्यक आहे, आणि ज्यांना एकही भरपगारी रजा मिळत नाही त्यांच्यासाठी तर तोच पहिला लढा आहे. पण माझं म्हणणं असं आहे की सुटीचं खरं मोल ती जुळण्यात असतं. आणि ती जुळणं एकट्यादुकट्या कुटुंबाच्या हातात राहिलेलं नाही. ते कामाचे नियम, शाळेचं वेळापत्रक आणि कायदा यांच्या हातात आहे. म्हणून उन्हाळ्यात नवरा-बायकोनं, मित्रांनी, भावंडांनी एकत्र चार दिवस काढणं ही घरगुती हौस न राहता सार्वजनिक प्रश्न होतो, आणि त्याची चर्चाही तशीच व्हायला हवी.

याला आधार काय, असं कुणी विचारेल. 2014 मध्ये क्रिस्टोबल यंग आणि चेयून लिम या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या उत्तरांवरून एक निष्कर्ष मांडला. नोकरी करणाऱ्यांची मनःस्थिती शनिवार-रविवारी सुधारते, यात नवल नाही. नवल पुढे आहे. ज्यांना नोकरीच नाही, ज्यांच्याकडे आठवड्याचे सातही दिवस मोकळे आहेत, त्यांचीही मनःस्थिती शनिवार-रविवारीच सुधारते, आणि जवळजवळ तेवढीच. सोमवार येताच तीही खाली येते. वेळ तर त्यांच्याकडे मंगळवारीही असतो, पण मंगळवारी त्यांच्यासाठी कुणी मोकळं नसतं. टेलिफोनसारखंच आहे हे. जगात एकट्याकडेच फोन असेल तर तो कुणाला लावणार? मोकळा वेळही इतरांकडे त्याच वेळी असला तरच कामाचा.

आता याची उलटी बाजू बघू. 1929 साली सोव्हिएत संघात कारखाने एकही दिवस बंद राहू नयेत म्हणून आठवडाच मोडून काढला गेला. सात दिवसांऐवजी पाच दिवसांचा आठवडा आला. प्रत्येक कामगाराला एक रंग दिला गेला: पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा, हिरवा. ज्याचा जो रंग, त्या दिवशी त्याची सुटी. चार दिवस काम, पाचव्या दिवशी आराम, आणि यंत्रं मात्र अखंड चालू. हिशेबानं पाहिलं तर कामगाराचा फायदाच होता. वर्षात रविवार 52 आणि या पद्धतीत सुटीचे दिवस 72. पण नवरा पिवळा, बायको हिरवी, असं घराघरांत होऊ लागलं. लोक पत्त्याच्या वहीत ओळखीच्यांच्या नावापुढे त्यांचा रंग लिहून ठेवू लागले, म्हणजे कुणाला कधी भेटता येईल ते कळावं. तक्रारी सुरू झाल्या, आणि त्या वर्तमानपत्रापर्यंत पोचल्या. सूर एकच: बायको कारखान्यात, मुलं शाळेत, भेटायला कुणी येऊ शकत नाही, मग ही सुटी घेऊन करायचं काय? दोनच वर्षांत, 1931 साली, सर्वांना एकाच दिवशी सुटी देणारा सहा दिवसांचा आठवडा आणावा लागला, आणि 1940 मध्ये सात दिवसांचा आठवडा आणि रविवार परत आले.

हा इतिहास वाचताना मी बराच वेळ तिथेच थांबलो होतो. कारण रंगीत चिठ्ठ्या गेल्या, पण ती पद्धत आपल्याकडे गुपचूप परत आलेली आहे, आणि या वेळी ती कुणी हुकूम काढून आणलेली नाही. पाळ्या, फिरती साप्ताहिक सुटी, 'तुमच्या सोयीनं कधीही घ्या' म्हणून दिलेली वैयक्तिक रजा, चोवीस तास चालणारी सेवा, वेगवेगळ्या शाळांच्या वेगवेगळ्या परीक्षा. यातली एकेक गोष्ट घेतली तर गैर वाटत नाही. 'तुमच्या सोयीनं' हे शब्द तर ऐकायलाही गोड लागतात. पण प्रत्येकाची सोय वेगळी झाली की सगळ्यांची मिळून एक सोय उरत नाही. माझी बायको आणि मी, आम्ही दोघं आपापल्या जागी स्वतंत्र होतो. एकत्र यायला मात्र आम्हाला स्वातंत्र्य नव्हतं.

स्वीडनमध्ये याच्या नेमकं उलट चित्र आहे. तिथल्या कायद्यानं वर्षाला 25 दिवसांची भरपगारी रजा मिळते आणि त्यातले चार आठवडे सलग, जून ते ऑगस्टच्या दरम्यान घेण्याचा हक्क आहे. जुलैत अर्धा देश एकदमच रजेवर असतो. टेरी हार्टिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 ते 2005 या काळात तिथल्या औषधांच्या दुकानांतून नैराश्यावरच्या गोळ्या किती दिल्या गेल्या, याची महिन्यागणिक आकडेवारी तपासली. जितके जास्त लोक एकाच वेळी रजेवर, तितक्या गोळ्या कमी. आणि हा फरक कामावर जाणाऱ्यांपुरता नव्हता, निवृत्तांमध्येही दिसला. निवृत्त माणसाला कसली आली रजा? पण त्याचा मुलगा, सून, शेजारी, जुने मित्र मोकळे झाले की त्याच्या दाराची बेल वाजते. माझे वडील गेली दहा वर्षं निवृत्त आहेत आणि त्यांचं कॅलेंडर आमच्या रजांवर चालतं, हे मी रोज पाहतो. मुलांच्या रजा ठरल्या की ते त्या तारखांना गोल करतात. तारीख रद्द झाली की गोल खोडत नाहीत, तसाच ठेवतात.

सुटी जुळवणं म्हणजे नवं काही खूळ नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या उन्हाळ्यात एक आठवडा पूर्ण बंद राहायच्या. त्या आठवड्यात बॉयलर साफ व्हायचे, यंत्रांची दुरुस्ती व्हायची, आणि अख्खं गाव रेल्वेनं ब्लॅकपूलच्या समुद्रावर जायचं. बराच काळ हा आठवडा बिनपगारी होता. लोक वर्षभर दर आठवड्याला थोडेथोडे पैसे बचत मंडळात भरायचे आणि सुटीच्या तोंडावर ते काढून घ्यायचे. पगार नसूनही माणसं त्या आठवड्याची वाट बघायची, कारण गल्लीतली सगळीच माणसं निघालेली असायची. आणि यातली सर्वात शहाणपणाची गोष्ट ही की प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा होता. एका गावात घरटी सगळ्यांना एकदम सुटी, पण दोन शेजारच्या गावांना एकदम नाही. त्यामुळे समुद्रकिनारा पूर्ण उन्हाळाभर भरलेला राहायचा, पण एकाच आठवड्यात फुटून जायचा नाही.

भरपगारी रजेचा मोठा टप्पा 1936 चा. फ्रान्समध्ये त्या वर्षीच्या जूनमध्ये कायदा झाला आणि कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. लिओ लाग्रांज या तरुण मंत्र्यानं रेल्वेच्या तिकिटात 40 टक्के सवलत देववली. लाखो लोकांनी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं वर्षाला किमान सहा कामाच्या दिवसांच्या भरपगारी रजेचा करार मंजूर केला. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 24 वं कलम विश्रांतीबरोबर ठरावीक काळानं मिळणाऱ्या भरपगारी सुटीचाही हक्क सांगतं. कामगार संघटनेच्याच 1970 च्या करारात किमान तीन आठवडे आले, आणि त्यात एक महत्त्वाची गोष्ट होती: रजा तुकड्यांत दिली तरी त्यातला एक तुकडा निदान दोन आठवडे सलग असावा. एवढं होऊनही अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात आज केंद्रीय कायद्यानं भरपगारी रजेचा एकही दिवस मिळत नाही. ती मालकाची मर्जी.

पण मला सर्वात जास्त भावलं ते फ्रान्सच्या कामगार संहितेतलं एक छोटं वाक्य. एकाच आस्थापनेत काम करणाऱ्या पती-पत्नीला, किंवा नोंदणी करून एकत्र राहणाऱ्या जोडीदारांना, एकाच वेळी रजा मिळण्याचा हक्क आहे. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी कामाला असतील, तर रजेचा क्रम लावताना जोडीदाराला कधी रजा मिळू शकते हे विचारात घ्यावं लागतं. म्हणजे एखाद्या देशाच्या कायद्यानं लिहून ठेवलंय, की रजेचा विचार करताना माणूस एकटा धरू नका. जर्मनीच्या कायद्यातही रजेच्या तारखा ठरवताना कर्मचाऱ्याच्या इच्छेला मान द्यायचा असतो, आणि दोघांची इच्छा एकमेकांच्या आड आली तर कौटुंबिक-सामाजिक कारणांनी ज्याची गरज जास्त, त्याला आधी. शाळकरी मुलांच्या आई-बापांना उन्हाळ्यात प्राधान्य मिळतं ते यातूनच. हे वाचल्यावर मला आमच्या अर्जातला तो नसलेला रकाना आठवला. तो नाही याचं कारण तांत्रिक नाही. त्याची गरज कुणाला वाटलेली नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो गर्दीचा. सगळे एकदम निघाले की रस्ते तुंबतात, तिकिटं मिळत नाहीत, भाडी दुप्पट होतात, आणि ज्या शांततेसाठी गेलो ती राहते बाजूला. आक्षेप खरा आहे. सुटीच्या ठिकाणी राहणाऱ्या लोकांच्या पाण्यावर, रस्त्यांवर, कचऱ्यावर येणारा ताण हा तर आणखी खरा. पण त्यावरचा उपाय प्रत्येक माणसाला वेगळ्या दिशेला ढकलणं हा नव्हे. उपाय लँकेशायरनं दाखवला होता आणि जर्मनी आजही तो वापरते. तिथल्या 16 राज्यांच्या शाळांची सहा आठवड्यांची उन्हाळी सुटी एकदम सुरू होत नाही. काही राज्यांची जूनच्या शेवटी सुरू होते, काहींची सप्टेंबरमध्ये संपते, आणि बहुतेक राज्यांचा क्रम वर्षागणिक बदलतो, म्हणजे कायम एकाच्याच वाट्याला अडचणीच्या तारखा येऊ नयेत. नेदरलँड्सनं याच कारणासाठी देशाचे तीन भाग केले आहेत. सुटी पांगवायचीच असेल तर प्रदेशांमध्ये पांगवा, घरांमध्ये नको. वेगवेगळ्या राज्यांत राहणाऱ्या भावंडांची यातही अडचण होते, हे कबूल केलं पाहिजे. पण तारखा काही वर्षं आधी जाहीर होतात, त्यामुळे निदान कुठल्या वर्षी जमेल ते कळतं.

दुसरा आक्षेप असा की लांब सुटी हवीच कशाला, लहान लहान सुट्या घ्याव्यात. याच्यामागेही अभ्यास आहे. सुटीचा परिणाम फार टिकत नाही. कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्याभरातच माणूस होता तिथे येतो, असं जेसिका डी ब्लूम आणि सहकाऱ्यांना 2013 च्या अभ्यासात दिसलं. मग तीन दिवसांच्या चार सहली बऱ्या नाहीत का? पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. बरं वाटण्याचा कळस येतो तो सुटीच्या साधारण आठव्या दिवशी. तीन दिवसांच्या सहलीत आठवा दिवस येतच नाही. माझा अनुभवही तोच. पहिल्या दोन दिवसांत डोक्यात ऑफिस असतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरच्यांशी खटके उडतात, कारण इतका वेळ समोरासमोर राहायची सवयच गेलेली असते. पाचव्या-सहाव्या दिवशी कुठे बोलायची घाई संपते. बायकोला लहानपणी अंधाराची भीती वाटायची, हे लग्नाच्या 11 व्या वर्षी मला कळलं ते एका सुटीच्या नवव्या दिवशी, वीज गेलेली असताना. तीन दिवसांच्या सहलीत असल्या गोष्टी बाहेर येत नाहीत.

मंजुरीच्या वेळेबद्दलही सांगायला हवं. नेदरलँड्समधल्या दीड हजार लोकांवर जेरोन नाविन आणि सहकाऱ्यांनी केलेला 2010 चा एक अभ्यास आहे. सुटीला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते ते सुटीच्या आधी. परत आल्यावर बहुतेकांमध्ये फारसा फरक उरला नव्हता. म्हणजे वाट बघणं हा सुटीचाच भाग आहे, बहुधा सर्वात मोठा. ज्या ठिकाणी रजा निघायच्या चार दिवस आधी मंजूर होते, तिथे माणसाला त्या चार दिवसांची सुटी मिळते आणि आधीचे तीन महिने त्याच्याकडून काढून घेतले जातात. उन्हाळ्याच्या रजा वर्षाच्या सुरुवातीला मंजूर करायला एक पैसा लागत नाही. ज्या ठिकाणी हे होत नाही तिथे मला एकच कारण दिसतं: तारीख हातात ठेवण्यात वरच्या माणसाला अधिकार वाटतो.

तिसरा आक्षेप माझ्या दृष्टीनं सर्वात वजनदार आहे. सगळे सुटीवर गेले तर दवाखाने, आगगाड्या, वीज, आणि सुटीवर आलेल्यांची राहण्या-खाण्याची सोय बघणार कोण? जी माणसं आपली सुटी शक्य करतात त्यांचा उन्हाळा म्हणजे वर्षातला सर्वात कष्टाचा काळ असतो. त्यांच्यासाठी उन्हाळी सुटीचा हक्क सांगणं पोकळ आहे. पण त्यांना त्यांच्या जोडीदाराबरोबर, मुलांबरोबर जुळलेली सुटी दुसऱ्या ऋतूत मिळू शकते, आणि तीसुद्धा आधी ठरवून. नर्स आणि बसचालक हे नवरा-बायको असतील तर दोघांच्या संस्थांनी एकमेकांच्या वेळापत्रकाकडे बघायला काय हरकत आहे? आणि रोजंदारीवर, फेऱ्यांवर, डिलिव्हरीवर काम करणाऱ्याला तर एक दिवस घरी राहणं म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडणं. त्याच्यासाठी जुळवण्याच्या आधीची पायरी, भरपगारी रजा, अजून यायची आहे. ती मागणी बाजूला ठेवून केलेली सुटीची चर्चा मला अर्धवट वाटते.

मित्रांचं काय? नवरा-बायकोला निदान कायदा ओळखतो. मैत्रीला कुठल्याच अर्जात रकाना नाही आणि असावा असंही मी म्हणणार नाही. पण मैत्रीची सुटी कशी मोडते ते आम्ही सात वर्षं अनुभवलं. कॉलेजातले पाच जण, एक व्हॉट्सॲप ग्रुप, आणि दर उन्हाळ्यात तेच: "या वेळी नक्की." कुणीतरी मतदान टाकायचं, चार तारखांपैकी प्रत्येकीवर तीन-तीन मतं पडायची, पाच कशावरच नाहीत. आम्ही दरवर्षी ठरवत होतो, आणि म्हणूनच ते ठरत नव्हतं. शेवटी आमच्यातल्या एका मैत्रिणीनं लिहिलं, की यापुढे तारीख विचारायची नाही, दरवर्षी मे महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार, तेच तळ्याकाठचं घर, जो येईल तो येईल. पहिल्या वर्षी आम्ही दोघंच होतो. संध्याकाळी पायरीवर बसून बाकीच्या तिघांना शिव्या घातल्या आणि त्यांच्याच आठवणी काढल्या. दुसऱ्या वर्षी चौघं. तिसऱ्या वर्षी पाचही जण, आणि दोघांची मुलं. आता त्या घराचा मालक फोन करून विचारत नाही, किल्ली कुंडीखाली ठेवून देतो.

परंपरा म्हणतात ती मला तिथे समजली. दरवर्षी तेच ठिकाण, तीच तारीख, तीच माणसं, याला लोक कंटाळवाणं म्हणतात. नवीन जागा बघाव्यात, नवीन अनुभव घ्यावेत, असा सल्ला सगळीकडून येतो. पण परंपरेमुळे ठरवण्याचा भार जातो. तारीख आधीच ठरलेली असते, म्हणून बाकी आयुष्य तिच्याभोवती मांडता येतं. लग्नं, बदल्या, आजारपणं येतात, एखाद्या वर्षी एखादा येत नाही, पण तारीख जागेवर असते, म्हणून पुढच्या वर्षी परतायला जागा असते. आणि त्याच जागी परत गेल्यावरच कळतं काय बदललं. त्या घराच्या मागच्या भिंतीवर मुलांची उंची पेन्सिलीनं लिहिलेली आहे. दर वर्षी नव्या ठिकाणी गेलो असतो तर त्या रेघा कुठे मारल्या असत्या?

या सगळ्यात एक गोष्ट घरातलीच आहे आणि तिला कुठलाही कायदा पुरणार नाही. सुटी जुळली, सगळे एका छताखाली आले, पण त्यातलं एक माणूस कामावरच राहिलं, तर ती जुळलेली सुटी नव्हे. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे बायको, आई, वहिनी. तिकिटं कुणी काढायची याची चर्चा होते, पण औषधं, टॉवेल, मुलांचे जास्तीचे कपडे, म्हाताऱ्या माणसांची पथ्यं, कुणाला कुठली खोली, कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळं एकाच डोक्यात असतं. तिथे पोचल्यावर स्वयंपाकघर बदलतं, काम तेच. एका उन्हाळ्यात आम्ही घरचे बाराजण एकत्र राहिलो. परतीच्या आदल्या रात्री मी थोरल्या बहिणीला म्हटलं, "ताई, या वेळी काय मजा आली ना?" ती म्हणाली, "तुम्हाला आली ना, मग झालं." तिनं ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती भांडी पुसत होती आणि मनापासून म्हणत होती. त्यानंतरच्या वर्षापासून आम्ही कामाचा तक्ता करतो, दारामागे लावतो आणि त्यात दोन दिवस ताईच्या नावापुढे काहीच नसतं. पहिल्या वर्षी ती त्या दोन दिवसांत पाच वेळा स्वयंपाकघरात डोकावली. भावजींनी तिला हाताला धरून बाहेर नेलं. मग ती तळ्याकाठी बसली, आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. उठवायला गेलो तर म्हणाली, "बसू दे अजून."

आणि मग तो फोन नंबरचा रकाना. रजेच्या काळातला संपर्क. एकत्र बसलेल्या माणसांपैकी एकाचा फोन वाजला की तो एकटाच उठून जात नाही. बाकीचेही थांबतात, गोष्ट अर्ध्यावर राहते, मूल ज्या वेळी पाण्यात उडी मारायला तयार झालेलं असतं ती वेळ निघून जाते. म्हणजे ज्याला फोन आला त्याच्याबरोबर सगळ्यांचीच सुटी मोडते. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 मध्ये असा हक्क लागू झाला. जर्मनीतल्या डाइमलर या मोटार कंपनीनं 2014 मध्येच आपल्या लोकांसाठी सोय केली होती, की रजेवरच्या माणसाला आलेला ईमेल आपोआप पुसला जाईल आणि पाठवणाऱ्याला दुसऱ्या कुणाचं तरी नाव कळवलं जाईल. परत आल्यावर साचलेला ढीग नाही, त्यामुळे रजेवर असताना चोरून बघायचा मोह नाही. या सोयीसाठी लागलं काय? मागे काम कोण बघणार, या रकान्यातलं नाव खरोखरचं असावं, एवढंच. बऱ्याच ठिकाणी ते नुसतं लिहिण्यापुरतं असतं, आणि फोन शेवटी रजेवरच्यालाच जातो.

यंदा आमच्या ऑफिसात रजेच्या नियमांवर सूचना मागवल्या होत्या. मी तीन पाठवल्या. उन्हाळ्याच्या रजा जानेवारीअखेर मंजूर व्हाव्यात. वर्षातून एकदा निदान दोन आठवडे सलग देता याव्यात आणि जोडीदाराच्या किंवा मुलांच्या सुटीशी जुळवून मागितलेल्या रजेला तसं नोंदवायची जागा अर्जात असावी. आणि संपर्काचा फोन नंबर ऐच्छिक करावा. पहिली मान्य झाली. तिसरीवर विचार चालू आहे. दुसरीबद्दल मला विचारण्यात आलं, की "कोणासोबत" ही माहिती खाजगी नाही का? प्रश्न रास्त आहे, सक्ती नसावी, ज्याला सांगायचं त्यानंच सांगावं, असं मी कळवलं. त्याच सूचना बायकोनं तिच्याकडे दिल्या आहेत, तिच्या शब्दांत, आणि तिच्या विभागातल्या त्या दोघींनीही त्यावर सही केली आहे. त्यांच्यापैकी एकीचा नवरा पाळीवर आहे. त्या नवरा-बायकोला गेल्या चार उन्हाळ्यांत एकदाही सलग आठवडा एकत्र मिळालेला नाही, हे बायकोला त्या सहीच्या दिवशी कळलं.